"यंदाचं मी करते" म्हणालात ना? मग आता हे वाचा: मुंबईत बियरवाल्यांचं वार्षिक गेट-टुगेदर कसं भरवायचं

दरवर्षी शेवटच्या ग्लासाला हा प्रश्न येतोच. बिल आलेलं असतं, अर्धे जण कुठली लोकल मिळेल ते बघत असतात आणि कोणीतरी विचारतं, पुढच्या वर्षी कोण करणार? मग सगळे एकदम गप्प. दोन वर्षांपूर्वी मी हात वर केला आणि नंतर लागोपाठ दोनदा मीच केलं. आमचा ग्रुप पंचवीसेक जणांचा, विरारपासून पनवेलपर्यंत पसरलेला, वर्षभर नुसते लेबलांचे फोटो आणि "ही मिळाली का रे तुला" एवढंच चालतं, सगळे समोरासमोर बसतात ते वर्षातून या एकाच दिवशी, त्यामुळे तो दिवस नीट व्हावा असं मला मनापासून वाटतं. पहिल्या वर्षी मला काय काय करायचं असतं ते सांगणारं कोणी नव्हतं म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

आधी एक सांगते. होस्टला बियरमधलं फार कळलं नाही तरी चालतं, कळणारे ग्रुपमध्ये भरपूर असतात. होस्टला लागते याद्या करायची सवय, वेळेवर नाही म्हणायची हिंमत, आणि त्या दिवशी स्वतः सगळ्यात कमी प्यायची तयारी. ही तिसरी गोष्ट जमणार नसेल तर हात वर करू नका, खरंच. पंचवीस माणसं निवांत चव घेऊ शकतात कारण एक माणूस पूर्ण शुद्धीवर राहून घड्याळ, बर्फ आणि दरवाजा बघत असतो. मी दोन्ही वर्षं प्रत्येक बियरचा फक्त एकेक घोट घेतला आणि मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

तारीख

तारीख काढायला कालनिर्णय घेऊन बसा, फोनचं कॅलेंडर पुरत नाही. ड्राय डे म्हटलं की २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर लोकांना पाठ असतात, पण आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशी विसरली जाते. निवडणूक लागली तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास सगळं बंद, मोजणीच्या दिवशीही बंद ठेवतात, म्हणून निवडणुकांची हवा असेल तर आधीच एक पर्यायी तारीख ठरवून ठेवायची. श्रावणात आमच्यातले निम्मे येणार नाहीत आणि गटारीला परमिट रूममध्ये उभं राहायला जागा नसते, त्यामुळे तो महिना-दीड महिना सोडूनच द्या. ६ डिसेंबरच्या आसपास दादरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, त्या दिवसांत त्या भागात असलं काही ठेवू नये. ३१ डिसेंबरच्या आठवड्यात सगळ्याच जागा महाग आणि कर्मचारी दमलेले. एप्रिल-मे मध्ये घामाने जीव जातो, आणि जूननंतर कधी रुळावर पाणी येईल त्याचा नेम नाही.

रविवार सगळ्यांना आपोआप सुचतो पण मी रविवारच्या विरोधात आहे. मेगाब्लॉक! दुपारी ब्लॉक असला की डोंबिवलीचा माणूस दोन तास उशिरा येतो, आणि बियर टेस्टिंगला उशिरा आलेला माणूस म्हणजे तिघांची लय बिघडते. त्यापेक्षा दुसरा किंवा चौथा शनिवार घ्या. बँकवाल्यांना सुट्टी असते, बहुतेक ऑफिसं बंद असतात, ब्लॉकचा त्रास कमी आणि दुसऱ्या दिवशी रविवार आरामाला. आम्ही आता जानेवारीचा दुसरा शनिवार पक्का केलाय. चौथा घेतला तर कधी कधी नेमका २६ जानेवारीवर येतो, आणि तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते म्हणून तो वीकेंड पळणाऱ्यांसाठी सोडलाय, आमच्यातच चौघं पळतात. वेळ दुपारी एक ते सहा. दिवसाउजेडी ठेवलं की लोक प्यायला कमी आणि चाखायला जास्त येतात, हा माझा अनुभव आहे.

जागा आणि कायदा, इथे घाई करू नका

जागेचे चार पर्याय असतात. कोणाचं तरी घर किंवा सोसायटीची गच्ची, एखादा हॉल, परमिट रूमचा वरचा एसी सेक्शन, नाहीतर मायक्रोब्रुअरी, म्हणजे जिथे जागेवरच बियर बनवून देतात अशी जागा.

गच्चीचा विचार आधीच काढून टाका. आमच्या ग्रुपने एका वर्षी केला होता, मी तेव्हा होस्ट नव्हते, सेक्रेटरींची तोंडी परवानगी होती, आणि संध्याकाळी साडेसातला खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, त्यांच्या घरी बारसं होतं आणि पाहुण्यांना लिफ्टमध्ये बाटल्या दिसल्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या, नुसत्या उभ्या राहिल्या. आम्ही पंधरा मिनिटांत आवरलं. आपल्या आवडीपायी दुसऱ्याच्या घरच्या कार्याला गालबोट लागू नये, एवढं तरी आपण बघायला पाहिजे. दहाच्या वर माणसं असतील तर घर नको.

आता कायदा. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आणि त्याप्रमाणे दारू विकायलाच काय, प्यायलासुद्धा परवाना लागतो. परमिट रूम हा शब्दच त्यातून आलाय. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म असा परवाना मिळतो, बहुतेकांनी तो कधी काढलेला नसतो. मी ग्रुपमध्ये सरळ नियम केला की आजन्म परवाना काढा आणि त्याचा फोटो मला पाठवा, तरच नाव यादीत. दोघं-तिघं कुरकुरले, मग काढला. वयाचंही तसंच. आपल्याकडे बियरला २१ आणि कडक दारूला २५ पूर्ण लागतात. कोणी म्हणेल माझा धाकटा भाऊ येतोय, वीसचा आहे, नुसता बसेल, तर प्रेमाने नाही सांगायचं.

हॉल घेणार असाल तर आधी विचारा की दारू चालते का, कारण ट्रस्टच्या आणि मंगल कार्यालयांच्या बऱ्याच हॉलमध्ये अजिबात चालत नाही आणि ते पावतीमागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. चालत असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या कार्यक्रमासाठी एक दिवसाचा परवाना घ्यावा लागतो, अर्ज ऑनलाइन होतो, मुंबई शहर आणि उपनगर यांची ऑफिसं वेगळी आहेत त्यामुळे जागा कोणत्या हद्दीत येते ते आधी बघा. हॉलवाल्याचं लेखी संमतीपत्र ठेवा, माल परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि बिलं त्या दिवशी सोबत असू द्या. महिनाभर आधी सुरुवात करा, आदल्या आठवड्यात धावाधाव करून काही होत नाही.

परमिट रूममध्ये परवान्याचं टेन्शन त्यांचं, पण बाहेरची बाटली ते आत आणू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, त्यांचा परवाना पणाला लागतो. म्हणजे मेनू कार्डावर जे आहे तेच. सहा प्रकारच्या लागर, म्हणजे नेहमीच्या हलक्या पिवळ्या बियर, चाखून कोणाचं काय भलं होणार!

म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांना माझा सल्ला एकच, मायक्रोब्रुअरी. २००९ मध्ये पुण्यात डूलालीने सुरुवात केली त्यानंतर मुंबईत अंधेरीपासून लोअर परळपर्यंत बऱ्यापैकी जागा झाल्यात. शनिवारी दुपारी त्यांच्याकडे गर्दी नसते, मॅनेजरला आठवडाभर आधी जाऊन प्रत्यक्ष भेटा, फोनवर नको. पंचवीस जण येणार, प्रत्येकाला सगळ्या नळांच्या छोट्या ग्लासांचा संच हवा, आणि ब्रुअरने अर्धा तास टाक्या दाखवाव्यात एवढं मागा. ब्रुअर लोकांना आपल्या कामाबद्दल विचारलेलं फार आवडतं. आमच्या पहिल्या वर्षीच्या ब्रुअरने आम्हाला मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, चावायला दिलं, आधी साधं आणि मग काळं भाजलेलं, आणि तिथल्या तिथे सगळ्यांना कळलं की स्टाउटला, म्हणजे काळ्या बियरला, कॉफीसारखी चव येते ती भाजलेल्या जवाची. त्यात कॉफी घातलेलीच नसते. वर्षानुवर्षं बियर पिणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर तो आनंद बघण्यासारखा होता.

दोन गोष्टींना ठाम नाही म्हणायचं. एक, घरी बनवलेली बियर. ग्रुपमध्ये एखादा तरी हौशी असतोच, त्याची हौस खरी असते, पण विना परवाना बनवणं आपल्याकडे गुन्हा आहे, त्याला कार्यक्रमात बाटली आणू देऊ नका. दोन, गोव्याहून किंवा बंगळुरूहून बॅगेत घालून आणलेला माल. दुसऱ्या राज्यातली दारू परवान्याशिवाय इथे आणता येत नाही, विमानवाले काय चालवतात तो वेगळा विषय. परदेशातून येणाऱ्याला मात्र कस्टममध्ये माणशी दोन लिटर सूट आहे, म्हणजे ३३० मिलीचे सहा टिन बरोबर बसतात, १९८० मिली. आमच्यातला एक जण बेल्जियमहून असे सहा टिन घेऊन आला होता आणि हॉलच्या परवान्यात ते चालतील का हे त्याने आधी ऑफिसमध्ये जाऊन विचारून घेतलं होतं. असा माणूस ग्रुपमध्ये असला की होस्टची निम्मी काळजी कमी होते.

किती आणायची

दुसऱ्या वर्षी आम्ही हॉल घेतला कारण वेगवेगळ्या ब्रुअरीच्या बाटल्या एका टेबलावर हव्या होत्या. तेव्हा हा हिशोब बसवला, तुम्ही तसाच्या तसा वापरा.

एक घोटभर चव म्हणजे ७५ मिली. त्याहून कमी दिली तर वास-चव कळायच्या आत संपते, जास्त दिली तर आठव्या बियरला जीभ आणि डोकं दोन्ही थकतं. पंचवीस जण गुणिले ७५ म्हणजे १८७५ मिली, म्हणजे एका प्रकारच्या ६५०च्या तीन बाटल्या, किंवा ५००चे चार टिन, किंवा ३३०च्या सहा पिंट. बास. बारा प्रकार ठेवले तर माणशी ९०० मिली होतात. सरासरी साडेपाच टक्के धरली तर साधारण ४० ग्रॅम अल्कोहोल, आणि आठ टक्क्यांच्या स्ट्राँगच्या एकाच मोठ्या बाटलीतही जवळपास तेवढंच असतं. हे मी सुरुवातीलाच सगळ्यांना सांगते, कारण लोकांना वाटतं छोटे छोटे ग्लास आहेत, काय होतंय. पाच तासांत बारा चवी म्हणजे एक स्ट्राँग बियर प्यायल्यासारखं आहे, कमी नाही. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम एवढंच बाहेर काढतं, त्यामुळे पाच तास हवेतच, तीन तासांत उरकायला जाऊ नका. आणि बाराच्या पुढे नाही. दरवर्षी कोणीतरी तेरावी घेऊन येतो, ती सीलबंद परत घरी न्यायची.

पैसे दोन हप्त्यांत घ्या. अर्धे तारीख ठरल्यावर, अर्धे दहा दिवस आधी, यूपीआयवर, आणि एक शीट सगळ्यांना उघडी ठेवा म्हणजे कोणी किती दिले आणि कशावर गेले ते रोज दिसतं. पहिला हप्ता न देणाऱ्याचं नाव धरायचं नाही, मग तो कितीही जवळचा असो. आमच्याकडे निम्मे पैसे जागा आणि खाण्यात गेले, बियर नंतर. दारात तिकीट लावून विकणं वगैरे करू नका, ती विक्री होते आणि तिचे नियम वेगळे.

खरेदी, बर्फ, ग्लास

बियर शॉपीत गेलात की आधी बाटली फिरवून तारीख बघा. वाईनसारखी ठेवून मुरते असं लोकांना वाटतं पण बहुतेक बियर ताजीच चांगली, आणि आयपीएचा (इंडिया पेल एल) हॉप्सचा, म्हणजे बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास तर सगळ्यात आधी उडतो. शटरजवळ उन्हात मांडलेल्या हिरव्या बाटल्या घेऊ नका. उजेडाने हॉप्समधल्या कडवटपणाचं रूपांतर एका गंधकाच्या संयुगात होतं आणि बियरला उग्र, कुबट वास येतो, तपकिरी काच बराचसा उजेड अडवते, टिन तर पूर्णच. दुकानदाराला आतल्या खोक्यातली द्या म्हणून सांगायला लाजू नका.

मायक्रोब्रुअरीवाले घरी न्यायला ग्राउलर (नळावरून भरून दिलेली मोठी बाटली) देतात का तेही विचारा, देत असतील तर आदल्या दिवशीच घ्या आणि फ्रीजमधून हलवू नका. ती बहुतेक न गाळलेली असते, एकदा उघडली की त्याच बैठकीत संपवायची.

बर्फाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण मुंबईच्या हवेत सगळं त्यावर अवलंबून आहे. एकदा एकाने सहा पिंट पटकन गार व्हाव्यात म्हणून फ्रीझरमध्ये टाकल्या आणि आम्ही विसरलो, दोन फुटल्या. बियर शून्याच्या जेमतेम दोन-अडीच अंश खाली गोठते, घरचा फ्रीझर उणे अठराच्या आसपास असतो. सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे मोठ्या टबात निम्मा बर्फ, निम्मं पाणी. नुसत्या बर्फात बाटलीला चारही बाजूंनी गारवा लागत नाही, मध्ये हवा राहते, पाण्यात बाटली पूर्ण बुडते म्हणून लवकर थंड होते. लादी आणलीत तर गोणपाटात गुंडाळून फोडा. आणि तो बर्फ फक्त बाहेरून गार करायला, मासे बाजारातल्या फॅक्टरीचा बर्फ पोटात जाता कामा नये, प्यायच्या पाण्याच्या बाटल्या वेगळ्या टबात.

सगळी बियर सारखी गार करायची नसते. लागर चार ते सात अंश, गव्हाची आणि पेल एल आठच्या आसपास, स्टाउट दहा ते तेरा. बर्फगार स्टाउटला चवच लागत नाही. म्हणून स्टाउटच्या बाटल्या पाळी यायच्या अर्धा-पाऊण तास आधी टबातून काढून टेबलावर ठेवा, आपल्याकडच्या हवेत तेवढं पुरतं.

ग्लास काचेचेच. डिस्पोजेबल प्लास्टिकवर २०१८ पासून बंदी आहे आणि कागदी कपात फेसही टिकत नाही. केटररकडून भाड्याने मिळतात, दोनशे मिलीच्या आसपासचे मागा, त्यात ७५ मिली ओतली की वर वास साठायला जागा राहते. आम्ही एकदा चहाचे कटिंगचे ग्लास वापरून बघितले, हातात धरायला आपले वाटतात आणि फोटोही छान आले, पण ते काठोकाठ भरतात आणि नाक आत जात नाही, मग अर्धी गंमत गेली. भाड्याचे ग्लास आले की एक ओला करून आत चिमूटभर मीठ टाका. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, मध्ये मोकळे पट्टे राहिले तर तेलकटपणा किंवा साबण आहे, आणि त्याने फेस टिकत नाही. पुन्हा धुऊन घ्या.

कोणती आधी, सोबत काय

क्रम हलक्यापासून जडाकडे. आमचा साधारण असा असतो: लागर, पिल्सनर, विटबियर, हेफेवायझन, मग सेझाँ किंवा एखादी आंबट, मग पेल एल. इथे जेवणाचा पाऊण तास ब्रेक. त्यानंतर आयपीए, ब्राउन एल, पोर्टर, स्टाउट आणि शेवटी बेल्जियमची एखादी जोरकस. सुरुवातीलाच आयपीए दिली तर पुढच्या तीन बियर पाण्यासारख्या लागतात, कडवटपणा जिभेवर बसून राहतो. प्रत्येक दोन बियरमध्ये पाणी, आणि टेबलावर साधे कुरमुरे आणि लादी पाव. फरसाण नाही. सुरुवातीला तिखट-मीठ पोटात गेलं की जीभ बधिर होते, ठरवलेल्या जोड्यांचा घास सोडला तर चखणा ब्रेकनंतर.

खाण्याच्या जोड्या करताना मला सगळ्यात मजा येते. विटबियरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात, ती कोथिंबीर वडीबरोबर देऊन बघा, जणू एकाच घरातली वाटते. पिल्सनरबरोबर कुरकुरीत बोंबील फ्राय, रवा लावलेला. हेफेवायझनला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो यीस्टमुळे, लोक हमखास विचारतात केळं घातलंय का. कोळंबी कोळीवाडा तिखट असेल तर आयपीए देऊ नका, तिखट आणि कडू एकमेकांना चढवतात, त्याच्याबरोबर गोडसर मॉल्टची लागर बरी. आणि जानेवारीत असल्यामुळे आमच्याकडे स्टाउटबरोबर तिळगूळ असतो. भाजलेले तीळ, गूळ आणि भाजलेलं जव. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकांनी पहिल्यांदा ते खाल्लं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, पुढच्या वर्षी आईच्या पद्धतीचा मी करून आणतो. आणला. जेवायला नॉनव्हेज आणि व्हेज दोन्ही ठेवा, ग्रुपमध्ये जैन कोणी असेल तर आधी विचारा, कोथिंबीर वडी लसणाशिवायही होते.

आयपीएच्या वेळी कोणीतरी तिचा इतिहास दोन मिनिटं सांगावा, मुंबईत बसून तो ऐकायला वेगळंच वाटतं. लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागातला हॉजसन ईस्ट इंडियाच्या जहाजांवर पेल बियर चढवायचा, केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी ती इथे पोचायची, नंतर १९व्या शतकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास या ब्रुअरींनी तो बाजार घेतला. हिंदुस्थानसाठी मुद्दाम शोधून काढली ही गोष्ट लोकप्रिय आहे पण पूर्ण खरी नाही, भरपूर हॉप्सची पेल बियर आधीपासून होती, आणि सोल्जरांसाठी काळी पोर्टरही जहाजं भरून येत होती. आमच्याकडे हे ऐकल्यावर पोर्टरचा ग्लास लोक जास्त लक्ष देऊन पितात.

ब्रेकनंतर एक खेळ ठेवा. तीन ग्लास, दोनात एकच बियर आणि तिसऱ्यात दुसरी, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. नुसता अंदाज लावला तरी तिघांत एक बरोबर येतो, म्हणजे पंचवीसात आठेक, त्याच्या वर किती गेले त्यावरून कळतं की फरक खरंच लागतोय की नाही. आम्ही दोन नेहमीच्या लागर घेतल्या होत्या आणि नऊ जण बरोबर आले! तिथे ब्रँडवरून चाललेलं जुनं भांडण कायमचं मिटलं. हा खेळ ठेवलात तर बारातल्या दोन बियर यातच मोजा, वरून वाढवू नका.

गुणांचं म्हणाल तर पहिल्या वर्षी आम्ही परीक्षकांची ५० गुणांची पद्धत वापरली, वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५ आणि एकूण १०. पद्धत चांगली आहे पण लोक कागदातच बुडाले, बोलणं थांबलं. आता फक्त तीन शब्द लिहायचे, मराठीत. "भिजलेली चणाडाळ", "पहिल्या पावसाचा पत्रा", "आजीच्या कपाटातली लवंग", असले शब्द येतात आणि ते वर्षभर लक्षात राहतात.

बायका, न पिणारे, आणि घरी जाणं

आमच्या ग्रुपमध्ये आम्ही सात जणी आहोत. जागा बघायला जाल तेव्हा लेडीज टॉयलेट स्वतः उघडून बघा, कडी लागते का, पाणी आहे का, दिवा आहे का. यावरून बायका पुढच्या वर्षी येतात की नाही ते ठरतं, हे मी गंभीरपणे सांगतेय. वाढणाऱ्यांना आधीच सांगा की "मॅडमसाठी ज्यूस?" असं विचारायचं नाही, सगळ्यांना सारखं विचारायचं. आणि जो पित नाही, ज्याने सोडलीय, जी औषधांवर आहे, त्यांना कोणी आग्रह करायचा नाही. चव घेऊन थुंकायला आणि उरलेली ओतायला दोन बादल्या ठेवा, टेस्टिंगमध्ये ते अगदी रीतसर असतं. कोकम सरबत आणि जिंजर एल कायम हाताशी ठेवा, वर्गणी त्यांना कमी लावा.

जागा स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत हवी, हा माझा सगळ्यात पक्का नियम. गाडी आणायचीच नाही, दुचाकीसुद्धा नाही. रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि बारा चवींनंतर आपण त्याच्या खाली आहोत असं कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. दंडाचं सोडा, रस्त्यावर दुसऱ्याचं मूल असतं. तरीही कोणी गाडी आणली तर किल्ली दारातच घ्यायची आणि गाडी रात्रभर ठेवता येईल का ते वॉचमनला विचारून ठेवायचं. पाच वाजता शेवटचा ग्लास, मग एक तास चहा, पाव आणि गप्पा, सहाला सगळे खाली. लाईनीप्रमाणे जोड्या लावा, वेस्टर्नवाले एकत्र, सेंट्रलवाले एकत्र, हार्बरला एकटी कोणी असेल तर तिच्याबरोबर कोण ते आधी ठरलेलं हवं. घरी पोचल्यावर ग्रुपवर मेसेज. सगळ्यांचे मेसेज येईपर्यंत मी झोपत नाही, एका वर्षी शेवटचा रात्री साडेनऊला आला, माणूस लोकलमध्ये झोपून थेट कसाऱ्याला पोचला होता, मग परत आला. तेव्हापासून लांबच्यांसाठी शेजारी बसणारा जोडीदार ठरवतोच.

आवरताना उघडलेल्या उरलेल्या बाटल्या ओतून टाका, दुसऱ्या दिवशी त्यात काही राहत नाही. सीलबंद उरल्या तर चिठ्ठ्या टाकून वाटा. रिकाम्या काचा आणि टिन वेगवेगळ्या गोणीत भरून भंगारवाल्याला त्याच संध्याकाळी बोलवा, हॉलच्या कचऱ्यात टाकू नका, झाडणाऱ्या मावशींचा हात कापतो. त्यांना आणि वाढणाऱ्या मुलांना जाताना स्वतःच्या हाताने बक्षिसी आणि जेवण द्या. हिशोब आठवड्याच्या आत शीटवर टाका, उरलेले पैसे परत करा किंवा पुढच्या वर्षीचा अॅडव्हान्स म्हणून ठेवा, पण सगळ्यांना विचारून. आणि ती शीट, केटररचा नंबर, परवान्याच्या अर्जाची प्रत, कुठे काय कमी पडलं त्याची यादी, हे सगळं एका फोल्डरमध्ये घालून नव्या होस्टला रविवारी सकाळीच पाठवून द्या, तेव्हा सगळं ताजं आठवत असतं.